गिअर, केबल आणि खारा वारा: सायकलच्या डिरेलरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीच्या आसपास गिअरच्या सायकली आता घरोघरी दिसतात, पण गिअर नीट लावून देणारा माणूस मात्र शोधावा लागतो. पंक्चर, ब्रेक, चेन कुठेही होतं. डिरेलर म्हटलं की ‘कोल्हापूरला दाखवा’ असं उत्तर मिळतं. मग लोक मला फोटो पाठवतात, कटकट रेकॉर्ड करून पाठवतात. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. आधीच सांगतो, आपल्या किनाऱ्यावर गिअर बिघडतो तो बहुतेक वेळा स्क्रूमुळे नाही, केबलमुळे. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी प्रश्न ३ आणि ५ वाचा.

१. डिरेलर म्हणजे नक्की काय? गिअर तर हँडलवर असतो ना?

हँडलवर असतो तो शिफ्टर. केबल ठरावीक अंतर ओढायची किंवा सोडायची, एवढंच त्याचं काम. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलतो तो डिरेलर. मागच्या आसाजवळ लोंबतो तो मागचा, पॅडलच्या चक्रांवर बसतो तो पुढचा. मागच्यात दोन छोट्या दातेरी पुल्या असतात: वरची चेनला वाट दाखवते, खालची तिचा ढिलेपणा ओढून धरते.

आत एक स्प्रिंग असते. केबल ओढली की डिरेलर मोठ्या चक्राकडे जातो, सोडली की स्प्रिंग त्याला छोट्या चक्राकडे परत नेते. म्हणजे जाताना तुमच्या अंगठ्याचा जोर आणि येताना फक्त स्प्रिंगचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

‘टक्’ करून नेमका एकच गिअर पडतो ती करामतही शिफ्टरमधली. शिमानो या जपानी कंपनीने ती १९८४ मध्ये आपल्या ड्युरा-एस या रेसिंगच्या गिअर-संचात आणली. त्याआधी बहुतेक सायकलींवर दांडी हाताच्या अंदाजाने सरकवायची आणि आवाज थांबला की थांबायचं. डिरेलरला स्वतःला आपण कितव्या गिअरवर आहोत ते आजही ठाऊक नसतं.

२. घरी करायला कोणती हत्यारं घ्यावीत?

५ मिमीची अ‍ॅलन की, प्लसचा चांगला स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश, चिंध्या आणि तेल. निम्मं काम एवढ्यात होतं. स्वस्त डिरेलरांवर केबलचा नट ९ मिमीचा असू शकतो, तेव्हा तो पानाही हवा. स्क्रू ड्रायव्हर नेमक्या मापाचा घ्या. डिरेलरचे स्क्रू मऊ असतात, खाच एकदा झिजली की डोकं धरायला काही उरत नाही. केबल बदलणार असाल तर खरा केबल कटर घ्या. पक्कडीने आउटर (केबलवरची बाहेरची नळी) चिरडतं.

स्टँड लागत नाही. पडवीच्या वाशाला दोरी बांधून सीट अडकवली की मागचं चाक अधांतरी फिरतं. सायकल उलटी करून ठेवू नका, सगळ्या दिशा उलट्या दिसतात आणि बॅरल (केबलचा ताण जुळवायची घुंडी, प्रश्न ४) चुकीच्या बाजूला फिरवला जातो.

३. चालवताना मागून सारखी कटकट येते, कधी गिअर आपोआप बदलतो. सुरुवात कुठून करू?

डोळ्यांनी. सायकलच्या मागे उकिडवे बसा आणि आधी चाक बघा. पंक्चर काढून घाईत बसवलेलं चाक खाचेत तिरकं बसलेलं असतं आणि माणूस तासभर गिअरशी झगडत राहतो. मग डिरेलर सरळ लोंबतोय की आत वळलाय ते बघा (प्रश्न ९). पुल्यांवर काळी राबडी चढली असेल तर खरवडून काढा. चेन मोजा (प्रश्न १२). केबल आउटरमध्ये मोकळी सरकते का ते तपासा (प्रश्न ५). इतकं सगळं ठीक असेल तरच बॅरलला हात लावा (प्रश्न ४). एच आणि एल स्क्रू सगळ्यात शेवटी, तेही कारण असेल तर (प्रश्न ७).

लोक नेमके उलट्या क्रमाने जातात, कारण स्क्रू समोर दिसतात. पण काल नीट चालणारा गिअर आज बिघडला असेल तर रात्रीतून स्क्रू कोणी फिरवलेले नाहीत. दुसरं काहीतरी बदललंय, ते शोधा.

४. बॅरल कुठल्या बाजूला फिरवायचा? दर वेळी विसरतो.

केबल डिरेलरमध्ये शिरते तिथली फिरणारी गोल घुंडी म्हणजे बॅरल. काही स्वस्त डिरेलरांवर ती नसते, मग शिफ्टरपाशी शोधा. डिरेलरवरच्या घुंडीकडे मागून बघत घड्याळाच्या उलट फिरवली की ती बाहेर येते, केबल ताणली जाते आणि चेन मोठ्या चक्राकडे सरकते. घड्याळाच्या दिशेने फिरवली की केबल ढिली होते, चेन छोट्याकडे.

म्हणून मोठ्या चक्रावर चढायला आळस करत असेल तर बाहेर, छोट्यावर उतरायला आळस करत असेल तर आत. एका वेळी पाव फेरा, आणि प्रत्येक पाव फेऱ्यानंतर पॅडल फिरवून बघा. नेमकं जुळवायला एक सोपी युक्ती आहे. चेन दुसऱ्या छोट्या चक्रावर आणा, पॅडल फिरवत बॅरल हळूहळू बाहेर काढा. चेन तिसऱ्या चक्राला घासून खरखर करू लागली की थांबा आणि खरखर थांबेपर्यंतच परत आत घ्या. एवढ्यावर बहुतेक सायकलींचे सगळे गिअर जुळतात.

बॅरल आट्यांच्या टोकापर्यंत आला तरी जुळत नसेल, तर पूर्ण आत फिरवा, एक फेरा बाहेर घ्या आणि केबल नव्याने ओढून आवळा.

५. मोठ्या चक्रावर टकाटक जातो, पण परत छोट्यावर येताना अडतो. बॅरल फिरवून दमलो.

हा आपल्या किनाऱ्याचा खास आजार आहे. पावसाळा संपला की मला येणारे निम्मे फोन याचेच असतात.

मोठ्या चक्राकडे जाताना तुमचा अंगठा केबल ओढतो. गंज असला तरी अंगठा जिंकतो. परत येताना केबल मागे ओढायला फक्त स्प्रिंग असते आणि गंजलेल्या आउटरमध्ये ती हरते. बॅरल आत फिरवला की उतरायचं सुधारतं, पण लगेच चढायचं बिघडतं. ते सुधारायला बॅरल बाहेर काढला की पहिलं बिघडतं. असा पाठशिवणीचा खेळ सुरू झाला की समजा, ताण चुकलेला नाही, केबल अडते आहे.

अडते कुठे? मागच्या डिरेलरपाशी आउटर वळसा घेतं तिथे. पावसाचं पाणी केबलवरून ओघळत त्या वळशाच्या तळाशी साचतं. पाण्यात विरघळलेलं मीठ असतं, जांभ्याची बारीक लाल माती असते, आणि वाळल्यावर दोन्ही आतच राहतात. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही आत ओल राहते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतो; त्या वळशाला उसंत कधी मिळतच नाही.

खात्री करायची तर चेन मोठ्या चक्रावर आणा आणि सायकल थांबवा. आता पॅडल न फिरवता शिफ्टर सगळा खाली सोडा. चेन जागची हलणार नाही, पण केबल ढिली पडेल. फ्रेमवरच्या खाचांतून आउटर सोडवा आणि इनरवर (आतल्या तारेवर) पुढेमागे सरकवून बघा. लोण्यातून सुरी जावी तसं सरकलं पाहिजे. बोटांना खरखर जाणवली, तपकिरी पाणी आलं किंवा सरकलंच नाही, तर रोग सापडला. तेलाचे दोन थेंब सोडून पंधरा दिवस काढता येतील, पण खरा उपाय प्रश्न ६ मध्ये आहे.

६. केबल घरी बदलता येते का?

येते. पहिल्यांदा एक तास लागेल, तिसऱ्यांदा वीस मिनिटं.

आधी सामान. गिअरची इनर १.२ मिमी जाडीची असते, ब्रेकची त्याहून जाड. गिअरचं आउटर बहुतेक ४ मिमीचं आणि त्यातल्या तारा लांबीत सरळ धावतात. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गुंडाळलेली असते, ते गिअरला लावलं तर दाबलं जातं आणि गिअर कधीच नेमका बसत नाही. उलटं तर मुळीच करू नका: गिअरचं आउटर ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक दाबल्यावर ते फाटू शकतं. दुकानात ‘सायकलचं आउटर’ एवढंच मागितलं तर ब्रेकचं हातात पडतं. गिअरचं म्हणून मागा, इनर स्टेनलेसची घ्या. साधी जस्ताची इनर इथे फार तर एक पावसाळा काढते.

चेन सगळ्यात छोट्या चक्रावर आणा. डिरेलरवरचा बोल्ट सैल करा, केबलच्या टोकाची टोपी कापा आणि केबल शिफ्टरकडून ढकला. बहुतेक शिफ्टरमध्ये केबलचं डोकं एखाद्या झाकणामागे किंवा भोकात बसलेलं असतं, ढकलल्यावर बाहेर येतं. मुठीचा शिफ्टर असेल तर रबराचा छोटा पडदा उचलावा लागतो. काढण्यापूर्वी फोटो घ्या. नंतर आठवत नाही.

नवं आउटर जुन्याच्या मापाने कापा. कापलेलं तोंड सपाट हवं आणि आतली प्लास्टिकची नळी दाभणाने उघडलेली हवी. दोन्ही टोकांना टोप्या बसवा. शेवटच्या वळशाला रबरी सील असलेली टोपी मिळाली तर चार पैसे जास्त द्या, पैसे वसूल होतात. आत घट्ट ग्रीस भरू नका. मोकळं फिरेल असं वाटतं, पण माती धरून ते आतच घट्ट बसतं. हलक्या तेलाचा एक थेंब पुरे.

बॅरल पूर्ण आत फिरवून एक फेरा बाहेर घ्या. केबल बोल्टखालच्या खाचेत बसली आहे ना ते बघा, हाताने ताणून धरा, आवळा. नवी केबल पहिल्या आठवड्यात ढिली पडते. लोक म्हणतात केबल ताणली. खरं तर आउटर आपापल्या टोपीत घट्ट बसत असतं. म्हणून आताच केबल दोन-तीनदा हाताने जोरात खेचा, बोल्ट सैल करून पुन्हा ताणा. ३-४ सेमी सोडून बाकी कापा, टोपी लावा. टोपी नसेल तर टोकावर फेव्हिक्विकचा थेंब, नाहीतर तार उकलून बोटात घुसते.

७. एच आणि एल लिहिलेले स्क्रू कशासाठी? कधी फिरवायचे?

ते कुंपण आहे. एच डिरेलरला छोट्या चक्राच्या बाहेर, फ्रेमकडे जाऊ देत नाही. एल त्याला मोठ्या चक्राच्या पलीकडे, स्पोकमध्ये जाऊ देत नाही. मधल्या गिअरांशी त्यांचा काही संबंध नाही, म्हणून मधले गिअर बिघडले असताना हे स्क्रू फिरवण्यात अर्थ नाही.

फिरवायची वेळ तेव्हाच, जेव्हा चेन एका टोकाला उडते किंवा टोकाच्या चक्रावर पोहोचतच नाही आणि केबल तपासून झालेली आहे. स्क्रू आवळला की वाट कमी होते, सैल केला की वाढते. मागून बघा: छोट्या चक्रावर असताना वरची पुली त्या चक्राच्या बाहेरच्या कडेच्या रेषेत, मोठ्या चक्रावर असताना बरोबर त्याच्या खाली. एल लावताना शिफ्टरवर विसंबू नका. पॅडल हळू फिरवत डिरेलर हाताने आत ढकला; चेन मोठ्या चक्रावर चढली पाहिजे, पण कितीही ढकललं तरी पलीकडे जाता कामा नये.

यात हलगर्जी नको. आरे-वारेच्या चढावर, सगळ्यात हलक्या गिअरवर, मी स्वतःचा डिरेलर चाकात घालवलाय. एल अर्धा फेरा सैल होता, तपासायचा कंटाळा केला होता. चार स्पोक, हँगर (डिरेलर टांगायची पट्टी) आणि डिरेलर एका क्षणात गेले. खाली समुद्र फार सुंदर दिसत होता.

८. तिसरा एक स्क्रू आहे, त्यावर काहीच लिहिलेलं नाही. तो कसला?

त्याला बी स्क्रू म्हणतात. वरची पुली मोठ्या चक्रापासून किती लांब राहावी ते तो ठरवतो. चेन मोठ्या चक्रावर असताना साधारण ५-६ मिमी फट ठेवा. आवळला की फट वाढते. पुली दातांना घासत गुरगुरत असेल तर आवळा. फट फार असेल तर गिअर सुस्त होतो. मोठं फ्रीव्हील (मागच्या चक्रांचा संच) टाकल्यावर हाच स्क्रू आठवायचा. काही साध्या डिरेलरांवर तो नसतो.

९. सायकल उजव्या कुशीवर पडली आणि तेव्हापासून एकही गिअर जुळत नाही.

हँगर वाकला. डिरेलर ज्या पट्टीला टांगलेला असतो तो हँगर. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर तो मुद्दाम मऊ आणि सुटा ठेवतात, म्हणजे मार बसला तर तो जावा, फ्रेम वाचावी. पडायची गरजही नसते; टेम्पोत आडवी टाकून आणलेली, जेट्टीवर गर्दीत दुसऱ्या गाडीला टेकवलेली सायकल पुरते.

मागून बघा. दोन्ही पुल्या चक्रांना समांतर, एका उभ्या रेषेत हव्यात. खालची आत झुकलेली दिसली तर हँगर वाकलाय, आणि आता एल स्क्रू आहे तसा असला तरी डिरेलर स्पोकला लागू शकतो. सरळ होईपर्यंत मोठ्या चक्रावर जाऊ नका.

लोखंडी फ्रेमचा हँगर मोठ्या पान्याने बेताने सरळ करता येतो. अ‍ॅल्युमिनियमचा एकदा सरळ होतो, दुसऱ्यांदा तडकतो. हँगर मोजायचं हत्यार नसलेल्या मेकॅनिकची जुनी युक्ती अशी: डिरेलर काढून हँगरच्या भोकात दुसऱ्या मागच्या चाकाचा १० मिमी बारीक आट्याचा आस फिरवून बसवायचा. दोन्ही चाकं समांतर दिसली की हँगर सरळ. आटे जुळत नसतील तर जबरदस्ती नको.

सुट्या हँगरचे आकार सायकलगणिक वेगळे असतात. तुमचा तुटल्यावर रत्नागिरीत मिळेलच असं नाही, कुरिअरची वाट बघावी लागते. एक आधीच मागवून सीटखालच्या पिशवीत टाका.

१०. चेनला कोणतं तेल? खोबरेल चालेल का, घरचंच आहे.

डोक्याला ठेवा. खोबरेल पातळ आहे, पहिल्या सरीत धुऊन जातं आणि साधारण २४ अंशांखाली थिजतं. दापोलीकडच्या डिसेंबरातल्या सकाळी चेनवर पांढरे कण दिसतील. शेंगदाण्याचं किंवा इतर गोडं तेल त्याहून वाईट, हवेने चिकट होऊन डिंकासारखं बसतं. वर मुंग्या येतात.

शिलाई मशीनचं तेल चालतं, पण दर दोन-तीन दिवसांनी लावावं लागेल. मोटरसायकलचं इंजिन ऑइल पावसात टिकतं, पण मार्चमध्ये लाल धूळ धरून चेनवर पॉलिश पेपर तयार करतं. सायकलच्या चेनचं तेल मिळालं तर तेच घ्या: जून ते सप्टेंबर जाडसर ‘वेट’, कोरड्या दिवसांत ‘ड्राय’ किंवा मेणाचं. डब्ल्यूडी-४० चं मूळ काम पाणी हटवणं आहे. धुतल्यावर फवारायला उत्तम, पण त्यावर खरं तेल लावायलाच हवं.

कोणतंही तेल असो, प्रत्येक दुव्याच्या रोलरवर एक थेंब. पॅडल उलटं फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसा. तेल आत हवं. बाहेर चमकतं ते मातीला आमंत्रण.

११. जंगलजेट्टीने (खाडी ओलांडणाऱ्या फेरी बोटीने) प्रवास केला, वाळूतही फिरलो. सायकल धुवायला हवी का?

त्याच दिवशी. दाभोळ-धोपावे असो, तवसाळ-जयगड असो की वेसवी-बागमांडले, उतारावरची ओली फळी आणि लाटेचा फवारा डिरेलरच्या उंचीवरच लागतो. गुहागरच्या ओल्या वाळूत चालवण्याचा मोह मला कळतो, पण मागचं चाक ते सगळं पुल्यांवर उडवतं.

वाळण्याआधी गोड्या पाण्याच्या एक-दोन बादल्या, मगाने वरून. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने धुऊन काही साधत नाही. स्कूटर धुवायचा प्रेशरचा पाइप नको, तो पाणी पुल्यांच्या आणि चाकाच्या बेअरिंगमध्ये घुसवतो. पुसा, उन्हात अर्धा तास ठेवा, मग प्रश्न १० प्रमाणे तेल.

१२. नवी चेन टाकली आणि आता जोर दिला की दात सुटतो. चेन खराब निघाली का?

चेन चांगली आहे, चक्र झिजलंय. जुनी चेन झिजून लांब झाली होती आणि तिने दातही आपल्या मापाचे करून घेतले. नव्या चेनला ते दात धरता येत नाहीत. ज्या एक-दोन चक्रांवर तुम्ही रोज चालवता तिथेच सुटते ना? मग फ्रीव्हीलही बदला.

हे टाळायचं तर चेन वेळेवर बदला. स्टीलची पट्टी घ्या, एका पिनच्या मध्यापासून २० दुवे मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर १० इंच, म्हणजे २५४ मिमी. सात-आठ गिअरांच्या सायकलीत २५६ झालं की बदला. दहा-अकरा गिअरांच्या चेनला २५५ च्या थोडं पुढे गेलं तरी पुरे. आपल्याकडे किलोमीटरवर जाऊ नका. जांभ्याच्या कच्च्या वाटेवरचा एक पावसाळा पुण्याच्या दोन वर्षांना भारी पडतो.

नवी चेन जुन्या शेजारी टांगून कापत असाल तर दुवे मोजा, लांबी नाही. जुनी ताणलेली असते.

१३. पुढचा डिरेलर मात्र काही केल्या ऐकत नाही.

तो कोणाचंच ऐकत नाही. तरी क्रम पाळला तर निभतं. आधी उंची: केजची (चेन जिच्यातून जाते त्या चौकटीची) बाहेरची पट्टी मोठ्या चक्राच्या दातांपासून १ ते ३ मिमी वर. मग वरून बघून ती चक्राला समांतर. हे दोन्ही क्लॅम्पच्या बोल्टने ठरतं आणि हे चुकलं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

मग चेन पुढे सगळ्यात छोट्या आणि मागे सगळ्यात मोठ्या चक्रावर आणा. एल असा लावा की आतली पट्टी चेनला जेमतेम न लागेल. केबल ताणून आवळा. आता पुढे मोठं, मागे छोटं. एच असा की बाहेरची पट्टी जेमतेम न लागेल. चेन आत, फ्रेमकडे पडत असेल तर एल पाव फेरा आवळा. बाहेर, पॅडलवर पडत असेल तर एच.

पुढे मोठं आणि मागेही मोठं असं चालवताना थोडं घासणारच. तो बिघाड नाही, ती जोडीच वापरू नये. तीन चक्रांच्या सायकलीत सगळ्या २१ जोड्या गप्प करायच्या मागे लागू नका.

१४. चढावर गिअर बदलला की खाडकन आवाज येतो. सेटिंग बिघडलंय?

सपाटीवर नीट चालत असेल तर सेटिंग ठीक आहे, वेळ चुकते आहे. आपले रस्ते खाडीत उतरतात आणि पूल संपला की लगेच सड्यावर चढतात. उताराच्या वेगात जड गिअरवर असतो आणि चढ अंगावर आल्यावर एकदम चार गिअर टाकतो. पुलावरच हलका करा. मध्येच बदलायची वेळ आली तर अर्धा फेरा पॅडलवरचा जोर काढा, चेन सरकू द्या, मग दाबा.

१५. सात गिअरच्या जागी आठ टाकले तर? आणि फ्रीव्हील, कॅसेट एकच का?

मागे आठ टाकले तर शिफ्टरही आठचा लागतो. सातच्या चक्रांमधलं अंतर सुमारे ५ मिमी, आठच्या ४.८, एवढासा फरक पण दर गिअरला साचत जातो आणि चेन चक्राच्या रेषेतून सरकते. शिमानोचा डिरेलर मात्र सात, आठ, नऊ या तिन्हींत सहसा चालून जातो, मोठ्या चक्राचे दात त्याच्या मर्यादेत असले म्हणजे झालं. दुसऱ्या कंपनीचा शिफ्टर आणि डिरेलर सरमिसळ करण्याआधी विचारा, ओढीचं प्रमाण वेगळं असतं.

फ्रीव्हील आणि कॅसेट वेगळे. चाक काढून चक्रं उलटी फिरवा. मधली, हत्यार बसवायची खाच चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवर थांबली तर फ्रीव्हील. काढायची हत्यारं वेगळी असतात.

१६. बाकी सगळे गिअर झकास, एकाच चक्रावर घोळ होतो. का?

सहसा तिथले दात झिजलेले असतात (प्रश्न १२), क्वचित एखादा वाकलेला. गिअर कुठलाही असला तरी ठरावीक अंतराने उडी मारत असेल तर चेनचा एक दुवा आखडलाय: पॅडल उलटं फिरवत पुलीपाशी बघा, उडी मारणारा दुवा दिसतो. आडवा वाकवून मोकळा करा, तेल घाला.

१७. माझ्या जुन्या सायकलीत केबल सोडली की चेन मोठ्या चक्रावर जाते. उलटं का?

शिमानोने काही काळ असे उलट्या स्प्रिंगचे डिरेलर विकले. बिघाड नाही. बॅरलचा परिणामही उलटा: बाहेर काढला की चेन छोट्या चक्राकडे जाते. आणि केबल अडली तर चढताना अडेल, उतरताना नाही. प्रश्न ५ उलटा वाचा.

१८. वाटेत केबल तुटली. घर २० किलोमीटर आणि मध्ये तीन चढ आहेत.

मागची तुटली की स्प्रिंग चेनला सगळ्यात छोट्या, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर नेते. एच स्क्रू पूर्ण आवळा, एखाद-दुसरं चक्र वर सरकेल. त्याहून बरं म्हणजे डिरेलर हाताने मधल्या चक्राखाली ढकला आणि त्याच्या सांध्यात लाकडाची काडी नीट अडकवा. सुरूच्या झाडाखाली अशा काड्या पडलेल्याच असतात. स्पोकपासून दूर आहे ना ते बघूनच निघा. पुढे छोटं चक्र असेल तर त्यावर ठेवा, घरी पोहोचाल. पुढची केबल तुटली तर नशीबवान, चेन आपोआप छोट्यावर जाते.

१९. अ‍ॅलन बोल्ट फिरतच नाही, जाम झालाय.

अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट आणि वर मीठ, म्हणजे दोन धातू एकमेकांना खातात. जोर लावू नका, आधी आटे जातात. गंज सोडवणारं तेल घाला, रात्रभर ठेवा, सकाळी बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्या, अ‍ॅलन की पूर्ण आत बसवून झटक्याने नाही, दाब देत फिरवा. निघाला की आटे ब्रशने साफ करून ग्रीस लावूनच परत बसवा. दर दसऱ्याला हत्यारांची पूजा करता, त्याच दिवशी हेही करा.

२०. आम्ही गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो, सायकल वर्षभर पडवीत असते. दर वेळी गिअर गेलेले.

चाकरमान्यांचा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. जाण्याआधी सायकल धुऊन पूर्ण वाळवा, चेनला जाड तेल लावा आणि या वेळी पुसू नका. पुल्यांना, डिरेलरच्या सांध्यांना एकेक थेंब द्या. दोन्ही शिफ्टर केबल ढिली राहील अशा गिअरवर सोडा. प्लास्टिकने गुंडाळू नका, आत घाम धरतो. गोणपाटही ओल धरतं. जुनी सुती चादर बरी.

परत आल्यावर शिफ्टर लगेच दाबू नका. गंजलेली केबल पहिल्याच जोरात शिफ्टरच्या आत तुटते आणि तुकडे काढताना सुट्टी संपते. आउटरच्या टोकांवर तेल सोडा, रात्रभर थांबा, सकाळी प्रश्न ५ ची तपासणी करा. आउटरची तोंडंही बघा, कुंभारीण माशीने एखाद्या टोकात मातीचं घर केलेलं असतं, उंदरांनी प्लास्टिक कुरतडलेलं असतं. आणि गणपतीच्या आठवड्यात इथे सामान मिळेल या भरवशावर राहू नका. मुंबईहून निघतानाच गिअरच्या दोन स्टेनलेस इनर, दोन मीटर ४ मिमीचं आउटर आणि मूठभर टोप्या पिशवीत टाका.